चार गेटांचा एक दोर

गेटकाकांनी आयुष्यात कुणाला पहिल्या भेटीत नाव विचारलं असेल, असं मला वाटत नाही. नवा माणूस समोर आला की ते चष्मा कपाळावर चढवायचे, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळायचे आणि विचारायचे, "गेट कुठलं?" आमच्या कंपनीचे या पट्ट्यात चार कारखाने होते. पिंपरीचा जुना, चाकणचा नवा आणि अवाढव्य, भोसरीचं पत्रे दाबायचं प्रेस शॉप आणि निगडीचं गोदाम. पण कारखाना हा शब्द आमच्यात कुणी वापरत नसे. माणूस पिंपरी गेटचा नाहीतर चाकण गेटचा. काका पिंपरीच्या टाइम ऑफिसात होते. हजेरी, गेटपास आणि उशिरा आलेल्यांनी सांगितलेली कारणं हे सगळं त्यांच्या खिडकीतून जायचं. त्यामुळे माणूस म्हणजे कुठल्यातरी गेटातून आत आलेला प्राणी, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती.

ही समजूत कंपनीच्या भिंतीपाशी थांबली असती तर माझी काही तक्रार नव्हती. माझ्या लग्नाला ते करमाळ्यापर्यंत आले, आहेर केला, जेवले आणि फोटोच्या वेळी थेट स्टेजवर चढले. फोटोग्राफरला हात दाखवून म्हणाले, "थांब रे. मुलीकडचे कमी दिसतायत." आणि त्यांनी माझ्या सख्ख्या आत्याचा हात धरून तिला अदबीने खाली उतरवलं आणि बायकोच्या कुठल्याशा मावशीला वर घेतलं. फोटो फार समतोल आला. आत्या मात्र अजूनही दर दिवाळीला विचारते, "तो चष्मेवाला नक्की कोण होता रे?"

काकांच्या वाटण्यांची कंपनीभर थट्टा चालायची. पंधरा ऑगस्टला जिलबी आली की टोपल्या चारही गेटांना त्यांच्या डोळ्यांदेखत रवाना व्हायच्या. निगडीच्या गोदामात माणसं मूठभर, तरी त्यांची टोपली इतरांएवढीच. त्यामुळे निगडीकर दोन दिवस जिलबी खायचे आणि चाकणच्या माणसाला एक वेढा मिळाला तर मिळाला. यावर कुणी बोललं की काका म्हणायचे, "माणसं मोजून वाढायला मी काय आचारी आहे? गेटाचा मान असतो." ते मूळचे कोकणातले, तीन भावांतले मधले. मधल्याला कुणी विचारत नाही, एवढं एकदा ते बोलून गेले होते. त्यापलीकडे त्यांच्या न्यायबुद्धीचा उगम मला सापडला नाही.

या गृहस्थांच्या हाती कंपनीने रस्सीखेचीचा संघ दिला होता. दरवर्षी कंपनीच्या देशभरातल्या विभागांचे सामने व्हायचे, कधी होसूरला, कधी आणखी कुठे. आमचा चार गेटांचा मिळून एक संघ जायचा. आठ गडी आणि एक दोर. शिवाय आठही जणांचं मिळून वजन ठरलेल्या हद्दीत बसावं लागायचं, नाहीतर काय, कुणीही आठ पैलवान उचलून आणले असते. निवड काका करायचे. आणि काकांचा नियम असा की प्रत्येक गेटाचा निदान एक माणूस दोराला लागलाच पाहिजे. मग तो लागल्याने दोर पुढे जावो की मागे.

निवड चाचणी निगडी प्राधिकरणातल्या एका मैदानावर व्हायची. झाडाच्या फांदीला कप्पी लावून दोर सोडलेला, दुसऱ्या टोकाला वाळूची पोती. पोती वर खेचायची आणि काका 'सोड' म्हणेपर्यंत धरून ठेवायची. मैदान कुठल्याच गेटाजवळ नव्हतं, निगडीच्या गोदामापासूनही लांबच, बस थेट जात नव्हती आणि सावलीला ते एकच झाड होतं, ज्याला दोर बांधलेला. "इथेच का, काका?" असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "सगळ्यांची सारखी गैरसोय झाली, की कुणी नावं ठेवत नाही." प्रत्यक्षात सगळेच नावं ठेवत होते, पण सारखीच ठेवत होते हे खरं.

संघ जाहीर झाला की आठवडाभर चारही गेटांच्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नसे. पिंपरीवाल्यांना वाटायचं चाकणला झुकतं माप मिळालं. चाकणवाल्यांना वाटायचं आपले आठच्या आठ हवेत. भोसरीवाले म्हणायचे, आमचा विलास बाहेर आणि निगडीचा म्हातारा आत, हा कुठला न्याय? निगडीचा म्हातारा म्हणजे सोपानराव. जवळच्याच गावातला जुना माणूस, गोदामात पेट्या मोजणारा, चेहरा सदा हसरा. ते दरवर्षी निवडले जायचे, कारण गोदामातून चाचणीला दुसरं कुणी यायचंच नाही. त्यांना कुणी टोमणा मारला की ते म्हणायचे, "मी कुठं म्हंतो मी जोरकस हाय? काका बोलावत्यात, आमी जातो. न्हाई म्हनायचं म्हंजी मानसाला वाईट वाटतं."

या सगळ्या गोंधळात काकांच्या खिडकीशी भांडायला नेमाने जाणारा माणूस एकच होता, तो मी. मी पिंपरीच्या तपासणी विभागात होतो. दिवसभर हातात गेज. तुकडा गेजमध्ये बसला तर घ्यायचा, नाही बसला तर लाल डब्यात. तो कुठल्या मशीनवरून आला, त्या मशीनला किती वाईट वाटेल, हे आम्हाला कुणी विचारत नाही. तेव्हा मी काकांना सांगायचो, "पोतं जो धरेल तो घ्या. यात गेट येतं कुठे?" काका शांतपणे शिक्का मारत म्हणायचे, "आलास का, गुणवत्ता?" त्यांनी माझं ते नावच ठेवलं होतं. मग म्हणायचे, "माणूस म्हणजे काय बेअरिंग आहे? आणि मला सांग, ज्या गेटाचा एकही माणूस दोराला नाही, त्या गेटाच्या माणसाने टाळी कुणासाठी वाजवायची?" मी म्हणायचो, "कंपनीसाठी." यावर ते चष्मा खाली घेऊन माझ्याकडे असे बघायचे, की मी पुढचं वाक्य विसरायचो.

माझ्या बाजूने बोलणारा आणखी एक होता, चाकणचा माधव. लातूरकडचा, सहा फुटी, दोराच्या शेवटी उभा राहणारा. शेवटच्या गड्याने दोर अंगाभोवती घ्यायचा आणि खुंटासारखं जमिनीत रुतून बसायचं. ते काम माधवइतकं कुणालाच साधायचं नाही. तो मैदानावर सरळ काकांच्या तोंडावर म्हणायचा, "काका, ह्ये काय वाटणी करायलाव तुमी? दोर वढायचाय का पंगत वाढायचीय? आमच्या चाकणचे आठ द्या, समोरच्याला पार रस्त्यापल्याड नेऊन ठिवतो." काका म्हणायचे, "नेशील रे. पण परत आल्यावर सांगणार कुणाला?"

शेवटी एका वर्षी कँटीनमधल्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि भाषणच ठोकलं. एक वर्ष, फक्त एक वर्ष, निव्वळ ताकदीवर संघ निवडा, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. साहेब लोकांनाही पटलं. काका उठले आणि म्हणाले, "निवडा. बघू या." त्या वर्षी पोती ज्यांनी सगळ्यात जास्त वेळ धरली ते आठ जण घेतले. आठही चाकणचे निघाले. आणि आठही जण कप घेऊन आले! तोवर आमचा संघ दुसऱ्या फेरीच्या पुढे कधी गेला नव्हता. हरायचा तोही चारही गेटांनी मिळून हरायचा. मला इतका आनंद झाला, की मी काकांच्या खिडकीत पेढे ठेवून आलो. पेढे ठेवताना हसलो नाही, एवढीच काय ती माझी सभ्यता.

पुढे जे झालं ते मात्र मला अपेक्षित नव्हतं. कप चाकणच्या कँटीनमध्ये काचेत जाऊन बसला आणि तिथेच राहिला. पिंपरीत कुणी साधा चहा पाजला नाही. भोसरीवाल्यांना आठ दिवसांनी कळलं. काकांना ते बघवेना. त्यांनी साहेबांच्या हातापाया पडून कप मागून घेतला, स्कूटर काढली आणि एका शनिवारी चारही गेटं फिरले. मी मागच्या सीटवर होतो, कारण "तुझा कप आहे, तूच धर," असं त्यांनी मला बजावलं होतं. निगडीच्या गोदामात सोपानरावांनी कप हातात घेतला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "चाकणला मिळाला व्हय? बरं झालं. लई गुनाची पोरं हायती." आणि परत पेट्यांकडे गेले. त्यांच्या बोलण्यात कसलाही राग नव्हता. परत येताना काका वाटभर एक शब्द बोलले नाहीत. मला ते बोलायला हवे होते. एरवी मला त्यांच्याशी भांडता तरी यायचं.

पुढच्या वर्षी पिंपरीचं गेट बंद होणार असं कळलं. मशिनी चाकणला न्यायच्या, जागा विकायची. तरुण पोरं आधीच तिकडे गेली होती. मागे राहिलो आम्ही, म्हणजे तपासणीतले काही, स्टोअरमधले काही, आणि टाइम ऑफिसात काका. हजेरी लावायला माणसं उरली नाहीत, तरी ते वेळेवर खिडकी उघडायचे. काकांची नोकरीही त्याच वर्षी संपत होती. तो त्यांचा शेवटचा संघ. साहेबांनी निवड पुन्हा त्यांच्यावर सोपवली आणि काकांनी जुना नियम परत लावला. प्रत्येक गेटाचा निदान एक.

आणि पिंपरी गेटाचा म्हणून त्यांनी मला निवडलं.

मी चाचणीला गेलो होतो हे खरं, पण ते काका काय गडबड करतात हे बघायला. तिथे त्यांनी माझ्याही हातात दोर दिला. मी पोतं धरलं, बऱ्यापैकी धरलं, असं मला तरी वाटलं. पण माझी अंगकाठी अशी, की माझी आई मला अजून उन्हात फार वेळ उभं राहू देत नाही. माझं नाव जाहीर झालं तसा मैदानावर जो हशा पिकला, तो मला अजून ऐकू येतो. भोसरीचा विलास बाहेर आणि मी आत! माधव तर हसून हसून खाली बसला. "गुणवत्ता कोट्यातून आली की राव!" असं कुणीतरी मागून ओरडलं. कान गरम होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मी सरळ काकांना गाठलं. "काका, खरं सांगा. मला पोतं धरलं म्हणून घेतलंत, की पिंपरीचा म्हणून घेतलंत?" तेवढ्यात माधव येऊन म्हणाला, "तसं न्हाई, सर. आमची वजनं धरून हद्दीत थोडीच जागा उरली व्हती. त्यात तुमीच बसत होता." म्हणजे हे तिसरंच निघालं! ताकदीवर नाही, गेटावर नाही, मी उरलेल्या वजनात बसलो म्हणून आत. मी काकांना म्हणालो, मी येत नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "नाही यायचं तर नको येऊस. पण मग पोत्यात निळी टोपी नसेल. आणि पुढच्या वर्षी ती असायचा प्रश्नच नाही." एवढं बोलून ते दोर गुंडाळायला लागले.

टोप्यांची गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक गेटाला वेगळ्या रंगाची टोपी होती. पिंपरी निळी, चाकण राखाडी, भोसरी हिरवी, निगडी पिवळी. संघाची बस निघाली की पुनावळ्याला हायवेला लागायच्या आधी काका ती थांबवायचे. मग एक रिकामं पोतं घेऊन सीटांमधून फिरायचे आणि सगळ्यांच्या टोप्या त्यात टाकून घ्यायचे. पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं की म्हणायचे, "आता कुणाला गेट नाही." येताना त्याच जागी पोतं सुटायचं आणि काका आत न बघता एकेक टोपी काढून हाताला येईल त्याच्या डोक्यावर ठेवायचे. त्यामुळे बरेच जण दुसऱ्याच गेटाची टोपी घालून घरी जायचे. दुसऱ्या दिवशी राखाडी टोपीतला पिंपरीवाला गेटवर दिसला की वॉचमन अडवायचा आणि टाइम ऑफिसात फोन करायचा. फोन काकाच उचलायचे. "सोड त्याला," म्हणायचे, "संघातला आहे." हे ऐकण्यासाठी काही जण मुद्दाम अडून घ्यायचे, असा मला संशय आहे.

मी गेलो. पुनावळ्याला माझी निळी टोपी पोत्यात टाकली. बाकी कुणाचीच निळी नव्हती.

होसूरच्या मैदानावर मला माधवच्या लगेच पुढे उभं केलं होतं. त्याच्यापुढे मी म्हणजे ट्रकच्या पुढ्यात लावलेलं लिंबू. पहिल्या सामन्यात मी उभ्याउभ्याच खेचत होतो. मागून माधव ओरडला, "पिंपरी, खाली बस! टाच रोव!" मी टाच रोवली आणि अंग मागे टाकलं, तेव्हा कुठे दोरात जीव आहे हे मला पहिल्यांदा कळलं. आठ माणसं एका दमात मागे गेली की आपण किती जोर लावला ते आपलं आपल्याला कळत नाही. हे सुख मला त्याआधी माहीत नव्हतं, आणि खरं सांगतो, त्यानंतरही कशात सापडलं नाही. पुढे सोपानराव होते. त्यांचा जोर किती ते देव जाणे, पण दम सुटला की ते मागे वळून हसायचे आणि सगळ्यांचा श्वास परत एका ठेक्यात यायचा.

आम्ही अंतिम सामन्यापर्यंत गेलो. तिथे दोन्ही बाजू एकेक वेळा जिंकल्या आणि तिसऱ्या वेळेला बराच वेळ दोर हलला नाही. मग माझा पाय घसरला. लगेच सावरला, पण दोर वीतभर पुढे गेला होता. तो परत आला नाही. आम्ही हरलो. ते माझ्या पायामुळे, की तसेही हरणार होतो, हे कुणी बोललं नाही. विलास असता तर पाय घसरला असता का, हेही कुणी बोललं नाही. मी मात्र परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून तेवढंच बोलत होतो, मनातल्या मनात.

पुनावळ्याला पोतं सुटलं. माझ्या डोक्यावर सोपानरावांची पिवळी टोपी आली आणि माझी निळी माधवच्या डोक्यावर गेली. त्याला ती लहान होत होती, पण त्याने ती काढली नाही. बस पिंपरीच्या गेटाशी आली तर तिथे सगळे उभे होते. सगळे म्हणजे जेवढे उरले होते तेवढे. कँटीनवाल्याने शिरा केला होता. जिंकून आलेल्यांना चहा नाही आणि हरून आलेल्यांना शिरा! तपासणी विभागातल्या माणसाला न पटणारी गोष्ट, पण मी दोनदा मागून घेतला. काका वाढत होते. सगळ्यांना अर्थातच सारखा.

महिन्याभरात गेट बंद झालं. काका निवृत्त होऊन पुनावळ्याला मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. जिथे ते टोप्या गोळा करायचे, त्याच रस्त्यालगत उंच इमारती झाल्या होत्या, त्यांतल्या एकीत. मला वाटलं, आता माणूस शांत होईल. सहा महिन्यांनी भेटायला गेलो तर खालच्या हिरवळीवर काका दोर घेऊन उभे! सोसायटीच्या वर्धापनदिनाला रस्सीखेच होती आणि शेजारच्या सोसायटीविरुद्ध संघ निवडायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. ए, बी, सी, डी चार विंगा, प्रत्येकी निदान एक. जागा भरल्या होत्या, पण एक मोकळी ठेवली होती. "ही कुणाची?" मी विचारलं. काका म्हणाले, "ई विंगची." मी मान वर करून बघितलं. ई विंगचं अजून प्लास्टर चाललं होतं. ताबा मिळायला वर्ष होतं. "अहो काका, त्या विंगेत माणूस राहत नाही!" "राहायला येईल ना कधीतरी," ते म्हणाले, "तेव्हा त्याला असं वाटायला नको, की आपण नव्हतो तेव्हा सगळं वाटून झालं." त्या वर्षी पुनावळ्याचा तो संघ एक गडी कमी घेऊन उतरला आणि सपाटून हरला.

वर चहा पिताना मी धीर करून विचारलं. इतके महिने झाले तरी ते मनातून जात नव्हतं. चाकणला मोठ्या हुद्द्यावर गेलो, तिथे चार माणसं मान देतात, पण कुठे होसूरचा विषय निघाला की माझा पाय पुन्हा घसरायचा. "काका, आता तरी सांगा. मला कशावर घेतलं होतं? पोत्यावर, गेटावर, की वजनावर?"

काकांनी बशीतला चहा फुंकला. बराच विचार केल्यासारखा चेहरा केला. "आठवत नाही रे," म्हणाले. "एकदा पोत्याचं तोंड बांधलं, की कोण कसा आला ते मी विसरून जायचो. ते लक्षात ठेवलं तर संघ कसा व्हायचा?"

ते गॅलरीत दोर वाळत घालायला गेले तसा स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "त्यांच्या विसरण्यावर जाऊ नका हो. आमच्या लग्नाच्या पंगतीत कुणाच्या पानात लाडू पडला नव्हता, ते त्यांना अजून नावानिशी पाठ आहे."

गेल्या थंडीत काका गेले. सकाळी फोन आला आणि मी चाकणहून निघालो तेव्हा बस भरून माणसं माझ्याबरोबर होती, माधव सगळ्यांत पुढे. पुनावळ्याला पोचलो तर भोसरीचा विलास आलेला, सोपानराव काठी टेकत आलेले. काकांचा मुलगा मडकं धरून पुढे उभा होता. तिरडी खालच्या हिरवळीवर तयार होती. मुलाने माझ्याकडे बघून विचारलं, "खांद्याला कोण कोण, तुम्हीच सांगा." माधव हलक्या आवाजात म्हणाला, "सर, उंचीचा मेळ घाला. आमच्या चाकणचे चौघं सारख्या उंचीचे हायेत, अलगद नेतील." त्याचं बरोबर होतं. चौघं सारखे लागतात, नाहीतर तिरडी झुकते. मी तेच म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "प्रत्येक गेटाचा एक."

माधवने माझ्याकडे बघितलं आणि तो सरळ मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. चाकणचा तो. भोसरीचा विलास. सोपानरावांनी काठी नातवाकडे दिली आणि म्हणाले, "निगडीचं दुसरं कोन हाय हितं?" आणि पिंपरीचं गेट आता जगात कुठेच नव्हतं, तेव्हा तो मी. आम्ही उचललं. पुढे सोपानराव वाकलेले, विलास मध्यम, मागे माधव ताडमाड आणि त्याच्या शेजारी मी. तिरडी अशी तिरकी झाली, की चार जण "सांभाळून, सांभाळून" म्हणत धावले. माधव गुडघ्यांत वाकून चालत होता. शेजारून त्याचा आवाज आला असता, "पिंपरी, खाली बस!" तर मला नवल वाटलं नसतं. मी रडत होतो आणि मला हसूही येत होतं. काकांना एवढं वाकडंतिकडं आणि एवढ्या सारख्या वाटणीने दुसरं कुणी नेलं नसतं.

सोसायटीच्या फाटकापाशी शववाहिका उभी होती. तिथवर पोचायच्या आत माझा खांदा भरून आला. तेवढ्यात एक अनोळखी तरुण पुढे झाला. अंगाने भक्कम, उंचीला थेट माधवसारखा. "मी देऊ का खांदा?" म्हणाला. कंपनीचा दिसत नव्हता. नाव विचारायचं सुचलं नाही. विचारून गेलो ते एवढंच, "गेट कुठलं?"

तो गोंधळला. मग म्हणाला, "मी इथलाच. ई विंगमध्ये. मागच्या महिन्यात राहायला आलो. आलो त्याच दिवशी हे काका घरी आले होते. तुमची जागा ठेवली आहे म्हणाले. कसली ते काही मला कळलं नाही."

मी बाजूला झालो आणि माझी जागा त्याला दिली. माधव ताठ उभा राहिला आणि तिरडी मागच्या बाजूने सरळ झाली. तो मुलगा ताकदीचा होता म्हणून मी त्याला जागा दिली, की ई विंगचा होता म्हणून, असं मला घरी जाताना माधवने विचारलंच. मी त्याला सांगितलं, आठवत नाही.